पार्टिशनपलीकडचं इंग्लिश

लॅबमध्ये तिला सगळे ‘सुई’ म्हणत. रक्त काढण्यात हात हलका म्हणून नव्हे, जिभेमुळे. तिलाही ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. पण लॅब परदेशी कंपनीने विकत घेतली, मीटिंगा इंग्लिशमध्ये होऊ लागल्या आणि सुईची धार गेली. तिथे ती ‘येस’ आणि ‘शुअर’ यांच्यापलीकडे जाईना. मग नाइलाजाने तिने संध्याकाळचा ऑनलाइन इंग्लिश संभाषण वर्ग लावला.

वर्गाचा विषय कायम एकच, पर्यावरण वाचवणे. शिकवणारा कोच म्हणे, मुलाखतीत हल्ली हेच विचारतात. सुईला त्या माणसाकडे बघूनच उबग येई. कोणी काहीही बोललं की हा ‘वंडरफुल’ म्हणायचा. विम्यातले एक निवृत्त अधिकारी दरवेळी झाडं आपले मित्र आहेत असं सांगत आणि दरवेळी ते त्यांना नव्यानेच सुचल्यासारखं दिसे. एक दंतवैद्य नळ बंद ठेवून दात घासतो हे इतक्या अभिमानाने सांगे, की जणू धरण त्यानेच भरलं. पृथ्वी बुडायची असेल तर या लोकांच्या व्याकरणानेच बुडेल, असं सुईचं मत झालं होतं. आपला कॅमेरा बंद ठेवून, ‘लर्नर’ असं नाव लावून ती नुसती ऐकत बसे. घरात तिने सांगून ठेवलं होतं, ऑफिसची मीटिंग असते, दार वाजवू नका.

घर दोन भावांचं होतं. मोठ्या खोलीच्या मधोमध प्लायवूडचं पार्टिशन घालून दोन संसार केलेले. स्वयंपाकघर एकच. पलीकडे धाकटी जाऊ. सकाळी बालवाडीत शिकवायची, संध्याकाळी सगळ्यांचा स्वयंपाक करायची. सुईच्या लेखी ती म्हणजे आळणी बाई. बोलणं आळणी, भाजीही आळणी. सुई भाजीचा एक घास घ्यायची, ताट उचलून केराच्या डब्यात रिकामं करायची आणि तोंडातून शब्द न काढता स्वतःसाठी अंडं उकडायला ठेवायची. त्यावर धाकटी कधी काही बोलली नव्हती. बोलणार काय? तोंड उघडायच्या आत सुईचं उत्तर तयार असे.

त्या संध्याकाळी विषय होता, घरात वाया जाणारं अन्न. वर्गात एक नवी बाई आली होती. कॅमेरा बंद, नाव ‘ग्रीन लीफ’. नाव वाचूनच सुईने नाक मुरडलं. बाई अडखळत बोलू लागली. तिचं इंग्लिश मराठीत आणायचं तर ते असं होतं : “माझे घरात एक व्यक्ती आहे. मी रांधते. ती फेकते. रोज नाही, पण पुष्कळ.”

काळाचा पत्ता नाही, कर्ता कुठे, कर्म कुठे. सुईला हसू आलं. तेवढ्यात तिच्या लक्षात आलं, की प्रत्येक वाक्य तिला दोनदा ऐकू येतंय. आधी पार्टिशनमधून, मग कानातल्या इयरफोनमधून.

तिने एका कानातला इयरफोन काढला. पलीकडून आवाज आला, “ती फेकते तेव्हा माझ्याकडे बघत नाही. अन्न पण वाया, मी पण वाया.”

“वंडरफुल,” कोच म्हणाला. मग त्याने तिचं क्रियापद दुरुस्त केलं आणि खत कसं करता येईल यावर कोणी बोलेल का, असं विचारलं.

सुईचं डोकं सणकलं. धाकटीवर की त्या कोचवर, हे तिचं तिलाही कळेना. घरातली गोष्ट चारचौघांत मांडते म्हणजे काय? आणि हा शहाणा खताचं विचारतो? तिने माइक चालू केला आणि आयुष्यात पहिल्यांदा न घाबरता इंग्लिशमध्ये विचारलं, “हे तू तिला का सांगत नाहीस?”

पार्टिशनपलीकडे खुर्ची सरकली. झाडांचे मित्र खाकरले. सुईला वाटलं, आता ही फोन बंद करणार.

पण धाकटीने उत्तर दिलं. सावकाश, एकेक शब्द निवडून. “आमच्या भाषेत नेहमी तीच जिंकते.”

कोचने दोघींचं कौतुक केलं, संभाषण असं हवं म्हणाला. सुईने त्याचं वाक्य पुरं होण्याआधीच लॅपटॉप मिटला.

ती स्वयंपाकघरात गेली तेव्हा धाकटी ओट्यापाशी भोपळ्याच्या भाजीवर झाकण ठेवत होती. ‘चुकलं माझं’ म्हणायचं ठरवून सुई आली होती. तोंडातून निघालं ते भलतंच. “चारचौघांत एवढं बोलता येतं, मग भाजीत मीठ घालायला काय होतं?”

धाकटीने हात पुसले. “हे इंग्लिशमध्ये सांगा ना, ताई.”

सुईने तोंड उघडलं. ‘आय वॉज’ म्हणाली आणि तिथेच अडकली. धाकटीने मदत केली नाही. बालवाडीतलं पोर अक्षर आठवत असताना थांबावं, तशी ती शांत उभी राहिली. तो धीर सुईला थपडेसारखा लागला.

“आय वॉज बॅड,” शेवटी ती म्हणाली.

“बॅड नाही,” धाकटी म्हणाली. “रूड.”

“रूड,” सुई म्हणाली.

मग तिने ताट घेतलं, वरून मीठ भुरभुरवलं आणि सगळा भोपळा संपवला. भोपळा वाईटच होता. धाकटीसमोर बसून तिने तेही सांगितलं, मराठीत. पण या वेळी बोलून झाल्यावर ती धाकटीच्या उत्तरासाठी थांबली. धाकटी म्हणाली, की उद्यापासून भाजी तुम्हीच करा, लॅबमधून थोडं लवकर या. सुईकडे उत्तर तयार होतं. ते तिने गिळलं. भोपळ्यापेक्षा ते गिळणं जड गेलं.