सासूबाईंची शपथ

दुकानात येणाऱ्या माणसांचे चेहरे तिच्या लक्षात राहत नसत, कान राहत. ऐकायची यंत्रं विकणाऱ्या त्या दुकानाच्या मागे एक छोटी खोली होती, आणि तिथे बसून ती लोकांच्या कानांचे साचे घ्यायची. मऊ लगदा कानात भरायचा, घट्ट होईस्तोवर थांबायचं, मग अलगद ओढून काढायचा. वर्षानुवर्षं हेच काम. नवरा चेष्टा करायचा, "उद्या मी हरवलो तर पोलिसांना माझं नाक-डोळे काही सांगू नकोस, नुसता कान सांग."

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. "लोक वर जातात, खाली येतात, आणि मी आपला मधेच लटकलेला," असं तो पाहुण्यांना हमखास ऐकवायचा. घरात तिसरं माणूस म्हणजे सासूबाई. त्यांचा हा एकुलता एक मुलगा, आणि त्या त्याला हाक मारायच्या 'धाकू'. लग्न होऊन आली तेव्हा तिने विचारलंही होतं, "एकुलता एक, आणि धाकू कसा?" सासूबाई चटकन म्हणाल्या होत्या, "लहानपणी फार भित्रा होता गं. सगळ्यांचा धाक. म्हणून धाकू." विषय तिथेच मिटला होता.

थंडी सुरू झाली त्या सुमाराला एक दिवस तिच्या खुर्चीवर एक उंच, पन्नाशी उलटलेला माणूस येऊन बसला. लाकडाच्या वखारीत करवतीच्या मशीनवर त्याची हयात गेली होती, आणि करवतीने लाकडाबरोबर त्याचं ऐकणंही कापून नेलं होतं. तिने दिवा जवळ ओढला, कान पुसला, आणि तिचा हात थांबला.

कानाच्या वरच्या टोकापाशी, पुढच्या बाजूला, सुईने टोचल्यासारखं एक बारीक भोक होतं. जन्माचं. असं भोक काही जणांना असतं. तिने इतक्या वर्षांत पुष्कळ पाहिली होती. पण दोन्ही कानांना, आणि खाली तशीच चिमटीत धरून ओढल्यासारखी पाळी? असे कान ती रोज घरी बघत होती. नवऱ्याचे आणि सासूबाईंचे.

"हे भोक जन्मापासूनचं का?" लगदा कालवता कालवता तिने मोठ्याने विचारलं.

"आईकडून आलंय म्हणे. बाबा सांगायचे."

तिने लगदा भरला. कान बंद झाला की माणसाचं तोंड उघडतं, हा तिचा नेहमीचा अनुभव. वखारवालाही बोलत सुटला. आई तो सहा वर्षांचा असताना गेली. गेली म्हणजे वारली नाही. बाबांनी घराबाहेर काढली. बाबा तापट. तिने दुसरीकडे संसार मांडला, पुढे तिला मुलगा झाला, असं कुणीतरी कधीतरी सांगितलं.

"म्हणजे मलाही धाकटा भाऊ आहे बघा कुठंतरी," तो हसून म्हणाला.

धाकटा. त्या शब्दाशी ती अडखळली. धाकटा, धाकला, धाकू. इतकी वर्षं रोज कानावर पडणारी हाक, आणि कानांचंच काम करणाऱ्या बाईला ती आज पहिल्यांदा ऐकू आली.

घट्ट झालेला साचा तिने अलगद ओढून काढला.

त्या दिवसापासून तिचं चित्त थाऱ्यावर राहिना. जेवताना ती सासूबाईंच्या कानांकडे बघत राही. भाजी ढवळायची सोडून खिडकीशी जाई, खिडकीशी काही नाही म्हणून परत येई. आपल्याला काय करायचंय, असं मनाला बजावी, आणि दुसऱ्या क्षणी मन पुन्हा तिथेच. शेवटी एका दुपारी नवरा कामावर असताना, दोघी मटार सोलत बसल्या होत्या तेव्हा, तिने न राहवून सांगून टाकलं. दुकानात आलेला माणूस, त्याचे कान, त्याची आई.

सासूबाई शेंगा सोलत राहिल्या. दाणे सालांत आणि सालं दाण्यांत पडू लागली, तेव्हा तिने त्यांचा हात धरला.

"मी त्याला टाकलं नाही," सासूबाई म्हणाल्या. "मला त्याला उचलू दिलं नाही. दारात उभी होते, आत तो रडत होता. पुढे माझ्या भावाने माझं दुसरं लग्न लावून दिलं. धाकूचे वडील सज्जन. त्यांना सगळं ठाऊक होतं. एवढंच म्हणाले, मला कळलं ते पुरे, आता या घरात हा विषय नको."

"मग यांना..."

"धाकूला नाही ठाऊक. सांगायचंही नाही. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला."

त्याच घटकेला नाही म्हणायला हवं होतं, हे तिला नंतर कळलं. पण समोर म्हातारं माणूस रडत असताना कुणाला नाही म्हणवतं?

थोड्या वेळाने सासूबाईंनी डोळे पुसले आणि हळूच विचारलं, "दिसतो कसा गं?"

"उंच आहे. हसतो बराच."

"लहानपणीही हसायचा."

शपथ घालून सासूबाई मोकळ्या झाल्या खऱ्या, पण त्यांना स्वस्थ बसवेना. ती कामावरून आली की चपला काढायच्या आत त्यांची नजर तिच्याकडे. आज आला होता? काय म्हणाला? बायको कशी आहे त्याची? त्याला तुमच्याबद्दल सांगू का, असं विचारलं, तर दोन्ही हात नाचवून नको नको म्हणायच्या, आणि लगेच, "पण एखादा फोटो मिळेल का?" म्हणायच्या.

तिने तेही केलं. वखारवाला यंत्र बसवून घ्यायला आला तेव्हा, कसं बसलंय ते बघण्यासाठी म्हणून, त्याचा फोटो काढला. समोरचा भाबडेपणाने हसला, आणि तिला आपण चोरी करतोय असं वाटलं.

आता घरात दोन बायकांचं कुजबुजणं सुरू झालं. नवरा आत आला की बोलणं तुटायचं. "काय चाललंय?" तो विचारायचा. "काही नाही," दोघी एका सुरात म्हणायच्या. सासू-सुनेचं गूळपीठ जमलंय म्हणून पहिल्यांदा तो खूश झाला. मग त्याच्या लक्षात आलं, की बायको आपल्याशी बोलताना नजर चुकवते. मधेच दचकते. काय झालं विचारलं की वसकन अंगावर येते.

आणि एका संध्याकाळी सासूबाई तिच्या फोनवरचा फोटो बघता बघता, तो मोठा करून, पुन्हा मोठा करून, फोन तसाच पलंगावर टाकून उठल्या. नवऱ्याने फोन उचलला.

"हा कोण?"

"गिऱ्हाईक," ती म्हणाली.

"गिऱ्हाइकांचे फोटो घरी आणतेस तू?"

"यंत्र कसं बसलं ते बघायला..."

"यात यंत्र कुठं दिसतंय? नुसता हसरा चेहरा दिसतोय."

ती त्याच्याकडे बघत राहिली. नीट बघ ना, असं ओरडून सांगावं वाटलं. कपाळ बघ, कान बघ, सकाळी दाढी करताना आरशात बघतोस तेच आहे. पण संशयाचा चष्मा चढला की माणसाला समोरचं दिसत नाही. तिने फोन घेतला आणि काही न बोलता कणीक मळायला गेली. न बोलणं म्हणजे कबुली, असं त्याने धरलं.

त्यानंतर घरात जे सुरू झालं त्याला भांडण म्हणता येत नव्हतं. भांडणात निदान आवाज तरी असतो. तो कामावरून भलत्या वेळी घरी यायचा, दुकानासमोरच्या रस्त्याने उगाच चकरा मारायचा. ती आत साचे घ्यायची आणि काचेबाहेर त्याची निळी कामाची वर्दी दिसून जायची. एकदा ती बाहेर गेली, तर म्हणाला, "इकडची लिफ्ट बंद आहे." समोर सगळी बैठी दुकानं होती.

रविवारी सकाळी चहा घेताना शेवटी गाठ सुटली. तिच्याकडे न बघता तो आईला म्हणाला, "तुझ्या सुनेचं बाहेर काहीतरी आहे. तू घरात असतेस दिवसभर, तुला ठाऊक असेल."

ती ओट्याशी उभी होती. आता आई बोलतील, असं तिला वाटलं. वाटणारच. दोन शब्दांचं काम होतं.

सासूबाई कपातल्या चहाकडे बघत म्हणाल्या, "तशी नाहीये रे ती."

"मग कशी आहे?"

सासूबाई गप्प.

ते गप्प बसणं तिच्या जिव्हारी लागलं. इतके दिवस जिच्यासाठी निरोप्याचं काम केलं, चोरून फोटो आणला, ती बाई सुनेच्या अब्रूपेक्षा स्वतःचं गुपित सांभाळत बसली होती.

"शपथ तुमची होती आई," ती म्हणाली, "पण संसार माझा आहे." आणि नवऱ्याकडे वळली. "तो तुझा भाऊ आहे. थोरला. आईंचा पहिला मुलगा."

तो हसला. मग त्याने आईकडे पाहिलं, आणि त्याचं हसू उतरत गेलं. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला होता.

मग त्याने विचारलं, आणि आईला नाही, तिलाच विचारलं, "तुला कधीपासून ठाऊक आहे?"

"थंडी सुरू झाली तेव्हापासून."

"म्हणजे पूर्ण हिवाळा. माझी आई, माझा भाऊ, आणि ठाऊक तुला. मी कोण? भाडेकरू?"

तो चहा तसाच टाकून निघून गेला.

नंतरचे दिवस आणखी विचित्र गेले. तो आईशी गोड बोलायचा, औषधं वेळेवर द्यायचा. बोलायचा नाही तो बायकोशी. ती ताट वाढायची, तो जेवायचा; ती विचारायची, तो मान हलवायचा. एके संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालता घालता तिने हातातला शर्ट आपटला.

"जिने तुला आयुष्यभर सांगितलं नाही, तिला माफ. जिने सांगितलं, तिला शिक्षा. हा कुठला न्याय?"

"आई म्हातारी आहे," तो म्हणाला.

"म्हणजे तिच्यावर रागावता येत नाही, म्हणून माझ्यावर."

त्याने तो शर्ट उचलून पलंगावर ठेवला. ते खोटं आहे असं मात्र म्हणाला नाही.

पुढच्या आठवड्यात तो कामावरून आला तो सगळ्या अंगावर लाकडाचा भुसा घेऊन. केसांत, भुवयांत, वर्दीच्या खिशांत. ती बघतच राहिली. तो दारातच स्टुलावर बसला.

"वखारीत गेलो होतो. पत्ता तुझ्या दुकानात मिळाला."

"मग?"

"मशीन चालू होतं. मी म्हटलं, मी तुझा भाऊ. त्याला ऐकू गेलं नाही. आणखी मोठ्याने म्हटलं. त्याने माझी वर्दी बघितली आणि म्हणाला, बरं झालं आलात, सामान चढवायची लिफ्ट केव्हाची अडकलीय, तिकडे मागे आहे."

तिला हसू फुटलं. तिने ओठ दाबले, पण तोही हसत होता, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले होते.

"मग काय केलंस?"

"काय करणार? केली दुरुस्त."

दुरुस्ती झाल्यावर वखारवाल्याने त्याला चहा दिला होता. मशीन बंद होतं तेव्हा. मग नवऱ्याने पुन्हा सांगितलं. वखारवाल्याने कानातलं यंत्र नीट खोचलं आणि नवऱ्याच्या कानाजवळ वाकून पाहिलं. मग म्हणाला, "आई आहे?"

दोन-तीन आठवड्यांनी एका दुपारी वखारवाला घरी आला. ऐकायला सोपं वाटतं, पण तसं काही सोपं झालं नाही. सासूबाईंनी नवी साडी नेसली होती, सकाळपासून दहादा दार उघडून पाहिलं होतं. आणि तो आल्यावर त्यांना शब्द सापडेना. तो त्यांना 'तुम्ही' म्हणत होता. 'आई' म्हणाला नाही. "तुम्ही मला एकदा तरी बघायला यायला हवं होतं," एवढंच म्हणाला, रागाने नाही, हवापाण्याचं बोलावं तसं. सासूबाई म्हणाल्या, "आले होते. शाळेच्या फाटकापर्यंत. तू बाहेर आलास, आणि मी मागे वळले." ते त्याला नीट ऐकू गेलं की नाही कुणास ठाऊक. त्याने फक्त मान हलवली. जाताना मात्र पुन्हा येतो म्हणाला.

त्याला सोडायला नवरा-बायको दोघं खाली रस्त्यापर्यंत गेले. तो कोपऱ्यावरून वळून दिसेनासा झाला, तरी दोघं तिथेच उभे राहिले. वर जावंसं वाटत नव्हतं. वर सासूबाई एकट्या बसल्या असतील, आणि त्यांना आता तसंच बसू द्यायला हवं होतं.

"चल, एक फेरी मारू," नवरा म्हणाला.

चालता चालता तो म्हणाला, "भाऊ मिळाला, आईचं कळलं, ते सगळं पचेल. पण 'गिऱ्हाईक' हा शब्द तू किती सहज उच्चारलास. ते डोक्यातून जात नाही."

"माझ्याही," ती म्हणाली.

तिला आणखी बोलायचं होतं. आईंच्या गप्प बसण्याबद्दल. आता त्यांना चहा देताना आपला हात कसा आखडतो त्याबद्दल. आणि त्याने एकदाही, एकदाही आपल्याला संशयाबद्दल वाईट वाटतंय असं म्हटलं नाही, त्याबद्दल. पण ते सगळं एकदम निघणारं नव्हतं.

"तू माफी मागितली नाहीस," ती शेवटी एवढंच म्हणाली.

तो थांबला. "कशाची?"

ती थांबली नाही. पुढे चालत राहिली. मागून त्याची पावलं येताहेत का, हे कान देऊन ऐकत. काही वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग तो भराभरा येऊन तिच्या बरोबरीने चालू लागला, आणि धापा टाकत म्हणाला, "कशाची ते सांगतो. थांब जरा. पहिल्यापासून सांगतो."