पाचपैकी एक

शाळेच्या मनोऱ्यावरचं घड्याळ घड्याळजींच्या दुकानात जमिनीवर मांडलं होतं. म्हणजे त्याचे एकशे चाळीस तुकडे मांडले होते. ते परत जोडायचे कसे, हे सांगणारे दोनशे बारा फोटो ज्या फोनमध्ये होते तो फोन मंगळवारी सकाळी बंद पडला. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी शाळेला शंभर वर्षं पुरी होणार होती आणि समारंभ बाराच्या ठोक्याला सुरू व्हायचा होता. हातात एकोणीस दिवस होते आणि ठोक्याची जबाबदारी घड्याळजींची होती.

त्यांचे वडील असली कामं कागदावर चित्रं काढून करायचे, आणि घड्याळजीही आजवर तसंच करत आले होते. या वेळी जावईबापू मध्ये पडले. "अहो, कुठल्या जमान्यात राहता? फोटो काढा, दोन सेकंदांचं काम." जावयाचं ऐकायचं असतं म्हणून ऐकलं. जावयाचं ऐकून कुणाचं भलं झाल्याचं आजवर ऐकिवात नाही, पण रीत ती रीत.

फोन सात महिन्यांचा आणि हमी वर्षाची. तरी घड्याळजींनी आधी तो स्वतःच उघडला. चाळीस वर्षं घड्याळं उघडणारा माणूस बंद पडलेली वस्तू मिटलेली कशी ठेवील? आत चाक नव्हतं, स्प्रिंग नव्हती, हलणारं काहीच नव्हतं. जे हलतच नाही ते बिघडतं कसं, हे त्यांना कळेना. त्यांनी मुकाट्याने फोन मिटला. मिटण्याआधी मात्र सवयीने झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने आपलं अक्षर आणि तारीख कोरली. हात लावायचा तर नाव लावायचं, हा वडिलांचा दंडक होता. पुढच्या कारागिराला कळलं पाहिजे की आधी कोण येऊन गेलं.

मग त्यांनी बायकोच्या फोनवरून कंपनीला फोन लावला. एक मंजूळ आवाज म्हणाला की आपला कॉल आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे. हे तो दर अर्ध्या मिनिटाला, पन्नास मिनिटं सांगत राहिला.

"इतका महत्त्वाचा असता तर उचलला असता," बायको म्हणाली. फोन तिचा होता, आणि तिच्या बहिणीचा कॉल यायचा होता.

शेवटी एक पोरगेला आवाज आला. "सर, मी आपली काय मदत करू शकतो?"

"फोन बंद पडलाय."

"सर, फोन बंद असल्यास कृपया चालू करा."

"अहो, बंद केलेला नाही. बंद पडलाय."

"आपण तो एकदा बंद करून परत चालू करून पाहिलात का?"

"बंद पडलेला बंद कसा करू?"

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज झाला. 'बंद करणे' आणि 'बंद पडणे' यांत माणूस आणि नशीब एवढं अंतर आहे, हे त्या कागदावर लिहिलेलं नसावं. तो म्हणाला, "सर, आनंदाची बातमी आहे. आपल्याला नवीन फोन मिळेल. विनामूल्य."

"मला नवीन नको. जुन्यातले फोटो हवेत."

"नवीन फोनचा कॅमेरा जास्त चांगला आहे, सर. आपण नवीन फोटो काढू शकता."

घड्याळजींनी जमिनीवरच्या एकशे चाळीस तुकड्यांकडे पाहिलं. फोटो होते ते जोडलेल्या घड्याळाचे. नवीन काढायचे तर घड्याळ आधी जोडायला हवं, आणि जोडायचं तर फोटो हवेत. हे त्यांनी तीनदा समजावलं. पोरगा तीनदा 'समजलं सर' म्हणाला आणि सेवा केंद्राचा पत्ता देऊन मोकळा झाला.

सेवा केंद्र काचेचं होतं. आत इतका गारठा होता की माणसं तक्रार विसरून स्वेटर आठवत असावीत. टाय लावलेल्या माणसाने फोन उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, "ठेवून जा, बघतो." 'बघतो' म्हटल्यावर घड्याळजींना बरं वाटलं. त्यांच्या धंद्यात 'बघतो' म्हणजे बघणं असतं. त्यांनी सही केली, पावती घेतली आणि घरी आले.

पावतीच्या तळाशी काही मजकूर होता, मुंगीने शाईत पाय बुडवून चालावं तसा. बायकोने त्यांचंच भिंग डोळ्याला लावून तो वाचला. "ऐकताय ना? 'ग्राहकास बदली फोन देण्यात येईल. जुना फोन आतील सर्व मजकुरासह नष्ट करण्यात येईल.' खाली सही कुणाची आहे माहितीये?"

सही झोकदार होती.

पुढचे चार दिवस घड्याळजी फोनला चिकटून होते. फोन बदलण्याची विनंती रद्द करायची आहे, असं ते सांगत. रद्द करण्याचं कारण विचारलं जाई. कारणांची यादी ठरलेली होती: दुसरीकडे फोन घेतला, फोन हरवला, ग्राहक मृत. 'नवीन फोन नको' हे कारण यादीत नव्हतं, कारण ते कुणाला सुचलंच नव्हतं. एका बाईने तर सल्ला दिला की त्यातल्या त्यात 'मृत' लवकर मंजूर होतं. घड्याळजींनी त्यावर बायकोचं मत विचारलं नाही. रात्री त्यांना झोप येईना. वडिलांनी त्या घड्याळाला आयुष्यात दोनदा हात लावला होता, दोन्ही वेळा ते वेळेवर वाजलं होतं, आणि आपल्या हातून ते मुकं होणार, याची त्यांना शरम वाटत होती.

पाचव्या दिवशी संदेश आला: 'आपल्या फोनच्या अंतर्भागात अनधिकृत व्यक्तीची खूण आढळली आहे. सबब हमी रद्द. नवीन फोन मिळणार नाही. फोन आहे त्या स्थितीत परत करण्यात येईल.'

घड्याळजींनी तो संदेश बायकोला दोनदा वाचून दाखवला. "नाकारलं," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. चाळीस वर्षांत त्या खुणेची दखल घेणारा पहिला माणूस कंपनीत निघाला होता.

फोन परत आला. त्यांनी सहज तार लावून पाहिली, आणि तो चालू झाला. नाकारायला कारण शोधताना कंपनीच्या कारागिराने आतली कुठलीशी निसटलेली पट्टी दाबून बसवली असावी. बदलून द्यायला घेतला असता तर नष्ट झाला असता, नाकारायला घेतला म्हणून वाचला. अशी बोलाफुलाला गाठ पडली आणि दोनशे बारा फोटो जागच्या जागी दिसले. बायको म्हणाली, "आधी ते कागदावर उतरवा." ते रोज जोडता जोडता चित्रं काढू लागले. तीस झाली होती, तेव्हा तिच्या फोनवर कॉल आला.

"सर, आपल्या तक्रारीबाबत आपण किती समाधानी आहात? एक ते पाचमध्ये सांगा. पाच म्हणजे अत्यंत समाधानी."

मुलीचा आवाज दमलेला होता. घड्याळजींच्या एका हातात दातेरी चाक होतं आणि समोर एकतिसावा फोटो. ते मनापासून म्हणाले, "पाच."

"सर, आपली तक्रार तर नाकारलेली आहे."

"हो. फार उपकार झाले."

"नाकारलेल्या तक्रारीला पाच बसत नाही, सर. मशीन चूक दाखवतंय. तक्रार आपोआप परत उघडतेय." ती वाचू लागली. "आपल्याला नवीन फोन मंजूर होतोय. अभिनंदन. जुना फोन इथूनच कुलूपबंद होऊन आतला मजकूर पुसला जाईल. मी 'होय' दाबलं की."

"दाबू नका." चाक हातातून निसटून टेबलाखाली गेलं. "ताई, चुकलं माझं. मी समाधानी नाही. एक लिहा."

"एक?"

"एकच. शून्य असेल तर शून्य."

"शून्य नाहीये. असमाधानाचं कारण सांगा. वेळ, वागणूक की फोन?"

घड्याळजींना खोटं बोलायची सवय नव्हती. त्यांना पहिल्या दिवशीचा तो पोरगा आठवला, यादीतलं 'ग्राहक मृत' आठवलं, आणि निदान हे तरी खरं म्हणून ते म्हणाले, "वागणूक."

मुलीने आवाज खाली आणला. "काका, फोन म्हणा ना. वागणूक म्हणालात तर ते माझ्या नावावर पडतं. या महिन्यात दोन पडलीत. तिसरं पडलं की घरी बसवतात."

"फोन," घड्याळजी लगेच म्हणाले. "फोन वाईट आहे. तुम्ही चांगल्या आहात. हे कुठे लिहिता येतं का?"

"नाही. त्याला जागा नाहीये." कळ दाबल्याचा आवाज झाला. "तक्रार बंद झाली, काका. आता कुणी उघडणार नाही."

ती फोन ठेवेल असं त्यांना वाटलं, पण तिने ठेवला नाही.

"सकाळपासून एकशे दहा कॉल केले," ती म्हणाली. "त्यात पाच फक्त तुम्ही दिलेत. आणि ते मीच पुसले."