आठवा किल्ला

"आई, फुंकर मारायची नाही हं. फुंकर मारली की आत ओल जाते आणि मग ते पितळी दात काळे पडतात. नुसती काढायची, हलकेच झटकायची आणि परत बसवायची."

आमोद नऊ वर्षांचा होता तेव्हा त्यानं मला हे सांगितलं. माझ्या हातात त्याच्या टीव्ही-गेमची पिवळी कॅसेट होती. गेम अडकला की आळीतली सगळी मुलं कॅसेट तोंडाशी धरून बासरीसारखी फुंकायची. आमोद कधी फुंकत नसे. खाली बसून, मांडीवर पंचा पसरून, देव पुसावेत तशी तो ती कॅसेट पुसायचा.

त्या गेममध्ये एक एवढासा शिपाई होता. उड्या मारत, खड्डे चुकवत त्यानं आठ किल्ले ओलांडायचे. मध्ये बंद केलं की सगळं पहिल्यापासून. अकरा वर्षांचा असताना एका रविवारी आमोद आठव्या किल्ल्यात शिरला. मी देवाजवळ वात वळत होते. लग्न होऊन या घरात आले त्या दिवसापासून तिन्हीसांजेला दिवा लावायचा आणि घरात दुसरा आवाज ठेवायचा नाही, हा माझा नेम. सुतक सोडलं तर तोवर तो कधी चुकला नव्हता.

"तिन्हीसांजा झाल्या. बंद कर," मी म्हणाले.

"पाच मिनिटं, आई."

मी पाच मिनिटं दिली नाहीत. उठले आणि भिंतीवरचं बटण बंद केलं. तो रडला नाही. हातपाय धुऊन आला, माझ्याशेजारी बसला आणि शुभंकरोति म्हणाला. आठव्या किल्ल्यापर्यंत तो पुन्हा कधी पोचला नाही. तो दहावीत गेल्यावर तो गेम मी जुन्या कपड्यांबरोबर बोहारणीला दिला आणि एक स्टीलचा डबा घेतला. त्या डब्यात अजून साबुदाणा असतो.

आता आमोद छत्तीस वर्षांचा आहे. खराडीला चांगल्या नोकरीत होता. दोन वर्षांपूर्वी त्याच्या हातून पेन पडायला लागलं, मग कप, मग तो स्वतः जिन्यात पडला. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. हातापायांना हुकूम देणाऱ्या नसा एकेक करून मरत जातात. हात, पाय, बोलणं, गिळणं, शेवटी श्वास. क्रम मागेपुढे होतो, म्हणाले. थांबवणारं औषध नाही. तो कागद मी घडी करून पोथीत ठेवला. एकवीस मंगळवार बोलले, ते झाल्यावर सोळा सोमवार. रोज पहाटे अनवाणी कसब्याच्या गणपतीला जाते ते तर चालूच होतं. घरात आम्ही दोघंच. हे जाऊन आठ वर्षं झाली. सकाळी जयसिंग नावाचे एक मदतनीस येतात, आमोदला अंघोळ घालून खुर्चीत बसवतात, दुपारपर्यंत थांबतात.

श्रावणात त्याचा उजवा हात पूर्ण गेला. डाव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट तेवढं राहिलं. एका दुपारी मी त्याला भात भरवत होते.

"आई, तो शिपायाचा गेम आठवतो?"

"कुठला?" मी विचारलं, पण मला कळलं होतं.

"आठवा किल्ला राहिलाय. अंगठा आहे तोवर करून टाकू म्हणतो."

"मोबाईलवर मिळत असेल की रे."

"मिळतो. पण तिथं मेलं की परत तिथूनच उठता येतं. मग त्याला मरण म्हणायचं कशाला?" घास गिळायला त्याला वेळ लागला. "मला तोच हवा. आणि या वेळी बंद करू नकोस."

"नाही करणार," मी म्हणाले. "देवाशप्पथ." एरवी मी शपथ घालत नाही आणि घेतही नाही.

बुधवारी मी जुन्या बाजारात गेले. तिथं बायडाबाई नावाची एक बाई ताडपत्रीवर जुने रिमोट, मिक्सरची भांडी, चार्जर असं मांडून बसते. तिच्याकडे तसाच गेम दिसला. मूळचा पांढरा, आता जुन्या दातांसारखा पिवळा पडलेला.

"चालू आहे का हो?"

"चालू असता तर माझ्या घरी नसता का, मावशी?"

"आणि कॅसेट?"

"त्या पोत्यात हात घाला. देवानं दिली तर मिळंल."

देवानं दिली. तळाशी शिपायाचं चित्र अर्धं फाटलेली कॅसेट होती. मी घासाघीस केली नाही, तेव्हा तिनं माझ्याकडे जरा संशयानंच पाहिलं.

तांबट आळीच्या तोंडाशी महिपतरावांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. हल्ली टीव्ही कमी आणि मिक्सरच जास्त येतात. त्यांनी चष्म्यावरून आधी मला पाहिलं, मग गेमला.

"पोथीतून सुट्टी मिळाली वाटतं, सरोजिनीताई. खेळणार कोण? तुम्ही?"

"आमोदला हवाय."

त्यांना आमोदचं माहीत होतं. त्यांनी मिक्सर बाजूला सरकवला आणि पुढं चेष्टा केली नाही. तिथंच झाकण उघडून ते मला दाखवत गेले, जणू मला शिकायचं होतं. हा कपॅसिटर फुगलाय. ही तीन पायांची वस्तू वीज बेताची धरून ठेवते, ती जळलीय. कॅसेट बसते त्या फटीतले दात काळे पडलेत, ते स्पिरिटनं घासावे लागतील.

"कुणीतरी फुंकलंय," मी म्हणाले.

"सगळ्या पुण्यानं फुंकलंय."

मग त्यांनी बटणांचा रिमोट हातात घेतला. "हे दाबायला जोर लागतो. त्याच्या बोटात जोर किती?"

मी माझ्या मनगटावर आमोदच्या अंगठ्याइतकंच दाबून दाखवलं. कातडी जेमतेम दबली. त्यांनी रिमोट बाजूला ठेवला.

त्यांनी दीड महिना लावला. सुटे भाग मिळत नव्हते. नवरात्रात अष्टमीला ते स्वतः घरी आले. बरोबर गेम आणि पोळपाटाएवढी एक लाकडी फळी होती. फळीवर दारावरच्या घंटीची दोन बटणं बसवलेली, आतली स्प्रिंग मऊ केलेली. एक पुढं जायला, एक उडी मारायला. शेजारी खेळ थांबवून ठेवायचं लहान बटण.

आमोद चार वाजता बसला. पडद्यावर शिपाई आला आणि तो किरटा बाजा वाजायला लागला तेव्हा आमोदचे डोळे अकरा वर्षांचे झाले. अंगठा चुकायचा, शिपाई खड्ड्यात जायचा, आमोद हसायचा. "थांब रे बाबा, मालक म्हातारा झालाय." तिन्हीसांज झाली. मी दिवा लावला, शुभंकरोति मनात म्हटलं आणि बाजा वाजू दिला. आठ वाजता तो सहाव्या किल्ल्याच्या दाराशी होता आणि त्याचा अंगठा थरथरत होता.

"उद्या. थांबवून ठेव. बंद करू नको हं."

मी लहान बटण दाबलं. शिपाई एक पाय उचलून तसाच उभा राहिला. रात्रभर गेमचा लाल दिवा जळत होता.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. पहाटे गणपतीहून आले आणि दरवर्षीप्रमाणे पाट मांडला. विळी, कात्री, सुरी, ह्यांचा पाना, आमोदचा कित्येक महिने न उघडलेला लॅपटॉप. गेम तारांनी बांधलेला होता, तो पाटावर येईना. तेव्हा मीच तबक घेऊन त्याच्याकडे गेले. ज्या यंत्रानं माझ्या मुलाला काल हसवलं, त्याला हळदकुंकू न लावणं मला कृतघ्नपणाचं वाटलं. फूल कलशात बुडवून मी पाणी शिंपडलं. हात जरा सढळच पडला. पाणी कॅसेटच्या फटीत उतरलं. चर्र झालं. शिपाई एकदा थरथरला आणि पडदा काळा झाला.

तरीही हळदकुंकू मी लावलंच. का, ते मला सांगता येणार नाही.

आमोद जागा होता. त्यानं सगळं पाहिलं होतं.

"तू बंद नाही केलंस, आई," तो म्हणाला. "आपोआप झालं." थोड्या वेळानं म्हणाला, "पण त्यापेक्षा फुंकर परवडली असती."

महिपतरावांनी झाकण उघडलं. आत कुंकवाचा लाल चिखल होता.

"पाणी देवाला घालतात, ताई. विजेला नाही." मग माझं तोंड पाहून त्यांनी स्वर खाली आणला. "मोठी चिप गेलीय. ती बाजारात नवी मिळत नाही. दुसरं मेलेलं यंत्र शोधायचं आणि त्यातलं जिवंत काढायचं."

मी दर बुधवारी आणि रविवारी बायडाबाईपुढं उभी राहू लागले. ती लांबूनच मान हलवायची. दिवाळी आली. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी आमोदचा अंगठा उठेना. त्यानं बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं, पाळलेलं जनावर गेल्यावर पाहावं तसं.

"मग आता तू," तो म्हणाला. त्याचं बोलणं जड झालं होतं, पण मला कळायचं.

"मी काय?"

"तू खेळायचं. आठवा किल्ला. मी बघणार."

"मला नाही रे जमायचं."

"माझ्या मोबाईलवर शीक. तेवढ्यापुरता तो चालेल." श्वास घेऊन पुढं म्हणाला, "आणि एकदा बसलीस की उठायचं नाही. पडलीस तरी पहिल्यापासून. मी झोप म्हणेपर्यंत."

"तिन्हीसांजेला?"

"तिन्हीसांजेलाही."

मी देवाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "बरं," म्हणाले.

दुपारी जेवणं झाली की मी मोबाईल घेऊन बसायची. जयसिंग जाता जाता म्हणायचे, "काकू, उडी उशिरा मारता तुम्ही." आमोद "आता" म्हणायचा. पुढं पुढं ते "आ" झालं. मग त्याची नुसती पापणी मिटायची आणि त्या पापणीबरोबर मी उडी मारायची. तिसऱ्या किल्ल्यापर्यंत मी पोचले होते. कार्तिक संपता संपता त्याचा आवाज पूर्ण गेला. जेवणासाठी नाकातून नळी आली. मी सोमवार चालू ठेवले, पण मागणं बदललं. आधी बरं कर म्हणायची. आता म्हणायची, यंत्र मिळू दे.

मार्गशीर्षात बायडाबाईनं लांबून मान हलवली नाही, हात केला. तिच्याकडे एक जळकं यंत्र आलं होतं. महिपतरावांनी त्यातला बोर्ड काढला.

त्याच आठवड्यात आमोदचा श्वास अपुरा पडायला लागला. डॉक्टर म्हणाले, भरती करा, गळ्याला भोक पाडून नळी घालू. त्यानंतर तो घरी येईल की नाही, हे मी विचारलं. ते म्हणाले, बघू. रुग्णवाहिका दुसऱ्या दिवशी सकाळी आठची ठरली.

मी महिपतरावांना फोन केला. एवढंच सांगितलं, "उद्या नेणारेत."

त्याच संध्याकाळी पावणेसहाला ते जिना चढून आले. धापा टाकत होते. सकाळपासून दुकान उघडलंच नव्हतं, म्हणाले, याच्यावरच बसलो होतो. त्यांनी तारा जोडल्या. पडदा लुकलुकला, स्थिर झाला, शिपाई उभा राहिला.

"एक सांगून ठेवतो," ते हळू म्हणाले. "या बोर्डावर खेळ थांबवायचं बटण चालत नाही. खूप खटपट केली. सुरू केलं की थेट पुढंच." मग आमोदच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी म्हटलं, "आईला सांभाळून घे रे. हात सढळ आहे तिचा." आमोदच्या डोळ्याच्या कडेला किंचित सुरकुती पडली. महिपतराव लगेच वळले आणि जिना उतरून गेले.

खिडकीबाहेर उजेड मावळत होता. खालच्या घरात घंटा वाजली. माझी वात सकाळीच वळून ठेवलेली होती, निरांजनात तूप होतं, काडेपेटी हातात होती. दिवा लावायला दोनच मिनिटं लागली असती. ती लावावीत असं मनात आलं. आधी दिवा, मग खेळ, देव काही म्हणणार नाही आणि आमोदला बोलता येत नाही.

मी वळून पाहिलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. पडद्यावरच्या शिपायाकडे बघत होता आणि त्याच्या छातीचा भाता मोठ्यानं वाजत होता.

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी काडी न ओढता काडेपेटी कोनाड्यात परत ठेवली. देवघराचं दार लोटून घेतलं. पदर खोचला, त्याची खुर्ची टीव्हीकडे आणखी वळवली आणि तिच्या पायाशी अशी बसले की मान वर केली की त्याच्या पापण्या दिसाव्यात. फळी मांडीवर घेतली.

"बघ हं," मी म्हणाले. "सांग मला."

त्याची पापणी मिटली. मी पहिल्या किल्ल्यावर उडी मारली.