उजवा कौल

मॅकनील साहेब पेन्शनीत निघाला होता आणि जाताना त्याला एकच हौस पुरी करायची होती. स्कॉटलंडातली समुद्रकाठची गोल्फची मैदानं एकापाठोपाठ एक खेळून काढायची. मुंबईहून बोट, मग रेल्वे, मग तिकडची जुनी मित्रमंडळी, सगळं ठरलं होतं. त्यात अडकला तो बेळगुंदीचा रवळू, कारण साहेबाला रवळूही बरोबर हवा होता.

साहेबाचे हात अजून ठणठणीत होते, पण नजर गेली होती. मारलेला चेंडू कुठं पडला हे त्याला दिसायचंच नाही. खांद्यावर काठ्यांची पिशवी घेतलेला रवळू मागून हळूच म्हणायचा, "डावीकडं साहेब, बाभळीच्या अलीकडं," आणि साहेब असा ताठ निघायचा की बघणाऱ्याला वाटावं, घारीचे डोळे आहेत याचे. बेळगावच्या कॅम्पात हे त्या दोघांशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. मायदेशात मित्रांपुढं शोभा व्हायला नको म्हणून म्हातारा आपले डोळे बरोबर घेऊन जाऊ पाहत होता.

बंगल्याच्या व्हरांड्यात रोज सकाळी न्याहारी झाली की मांडणी सुरू व्हायची. साहेब मेजावर साखर ओतायचा, ती वाळू. पाण्याचा पेला म्हणजे समुद्र. मीठदाणी म्हणजे टेकडी. "यहाँ हवा बहुत जोर से," असं म्हणून तो स्वतःच फुंकर मारायचा आणि साखर रवळूच्या अंगावर उडायची. कॅम्पातल्या मैदानावर हिरवळीच्या जागी तेल पाजलेली वाळू होती. तिकडं म्हणे खरं गवत, आणि औषधालासुद्धा झाड नाही. रवळू मान डोलवायचा. झाड नाही तर माणूस उन्हातून कुठं पळणार, एवढंच त्याच्या मनात यायचं.

"तुम चलेगा ना?" असं साहेबानं पहिल्यांदा विचारलं तेव्हा रवळूच्या तोंडून "होय साहेब" निघून गेलं. इतक्या वर्षांत त्या तोंडाला दुसरं काही म्हणायची सवयच नव्हती. त्याला हसू नका, तुम्ही-आम्हीही तेच म्हटलं असतं. साहेब वाईट असता तर गोष्ट वेगळी. शिवी देणाऱ्यापासून पळता तरी येतं. हा तर पाठीवर हात ठेवायचा.

रवळूला जायचं नव्हतं, कारण त्याच्या बायकोला, अंजनीला, दिवस गेले होते. आषाढात बाळंत व्हायची होती. याआधी दोन मुलं झाली आणि दोन्ही बारशाआधीच गेली. दोन्ही खेपेला रवळू सुट्टी काढून खोलीच्या दाराशी बसून होता. हातून काही होत नव्हतं, पण आपण तिथं आहोत हे तिला कळतंय, एवढ्याचा त्याला आधार वाटायचा. या खेपेलाही तिथंच बसायचं, हे त्यानं मनाशी पक्कं केलं होतं.

थोरल्या भावाला, भरमूला, त्यानं हे सांगून पाहिलं.

"अण्णा, दिवाळीबिगर परतायला मिळायचं न्हाय. हितं अंजनी एकटी..."

"एकटी कशी? आमी काय मेलाव?" भरमू डाफरला. "साहेबाला मी शब्द दिलाय रं. जाताना मला कचेरीत पट्टेवाला करून जातोय त्यो. आता तू न्हाय म्हटलास तर माझं नाक कापलं."

रवळूच्या नावानं भावानं शब्द देऊन टाकला होता. साहेबानंही कॅम्पातल्या शिंप्याकडून रवळूला लोकरीचा कोट शिवून घेतला. ऐन चैत्रात तो अंगात घालायला लावून भरमूनं रवळूला गल्लीभर फिरवलं. घामानं तो निथळत होता आणि बायका पोरांना सांगत होत्या, बघा, विलायतेला चाललाय. रवळूला त्या कोटात गुदमरायला झालं.

शेवटी त्याला देव आठवला. तो साहेबाला म्हणाला, देवाला विचारावं लागतं. साहेब इथं जन्म काढलेला माणूस, त्यानं टोपी काढून मान लववली. "देव ना बोले तो मैं भी कुछ नहीं बोलेगा," तो म्हणाला. रवळूला कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास आला. आपल्याला जे म्हणता येत नाही ते देव म्हणेल.

सोमवारी रवळनाथाच्या देवळात सगळे जमले. आण्णाप्पा गुरवानं ओल्या पाकळ्या देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं. "उजवी दे, पोरगा जाऊ दे. डावी दे, हितंच राहू दे." रवळू डोळे मिटून डावी, डावी, डावी असं घोकत राहिला. बायकांच्या घोळक्यात अंजनीही हात जोडून उभी होती. तीही डावीच मागत असणार, या विचारानं त्याला भरून आलं.

पाकळी उजवी पडली.

भरमूनं आरोळी ठोकली. कुणीतरी गुलाल आणला. ज्याच्या भरवशावर सुटायचं त्यानंच दार लावून घेतलं होतं, आणि आता तक्रार तरी कुणाकडं करायची?

दुपारी अंजनी परसात कुरडया वाळत घालत होती. रवळू तिच्यापाशी जाऊन बसला.

"आपुन दोघांनी मागून बी देवानं ऐकलं न्हाय गं."

अंजनीचा हात थांबला नाही. "मी उजवीच मागिटली हुती," ती म्हणाली.

रवळूला वाटलं, भावाच्या भीतीनं बोलतेय. "अगं, खरं सांग."

"खरंच. पयली दोन गेली तवा तुमच्या घरानं मला काय काय म्हटलं? माझा पायगुण. माझं पाऊल वाईट. तुमी दाराशी बसून ऐकलासा, कुणाला एक शब्द बोलला न्हाईसा." तिनं पदरानं कपाळ पुसलं. "दोन्ही बारीला मी हुतो, तसं तुमी बी हुतासा की घरात. आता एक डाव तुमच्या पायाबिगर बघू."

रवळूला रागवावंसं वाटलं, पण राग येईना. ती म्हणत होती त्यातला शब्द न् शब्द खरा होता. तिला आधार होतोय म्हणून तो जिथं बसला होता, तिथंच तिनं त्याला गप्प बसलेलं पाहिलं होतं.

"आन् वाचलं तर?" त्यानं विचारलं.

"तर दिवाळीला या. तुमच्या पायावर घालतो त्येला."

"आन् न्हाय वाचलं तर?"

"तर तुमचा पाय निर्दोष," अंजनी म्हणाली, आणि पहिल्यांदा तिचा आवाज फाटला.

रवळू उठून घरात आला. खुंटीवरचा कोट काढून त्यानं अंगात घातला आणि वरपासून खालपर्यंत सगळी बटणं लावली. मग देवळाच्या दिशेला तोंड करून त्यानं हात जोडले. देवा, माझंच पाऊल वाईट ठरू दे, तो म्हणाला. बाहेर भरमू बैलगाडी जुंपून, साहेबाला कौल सांगायला चल म्हणून हाका मारत होता.