कुंकवाआडचा डोळा

या मित्रांनो, जरा पुढे सरकून बसा. जीव मुठीत धरून काढलेल्या एका दुपारची गोष्ट सांगतो.

मी एक जुना डोळा आहे, कांदिवलीच्या कमळकाकींच्या टीव्हीचा. रिमोटमधून निघणारा प्रकाश तुम्हांला दिसत नाही, मला दिसतो. सूर्य, ट्यूबलाइट सगळेच माझ्यावर प्रकाश ओततात. पण रिमोटचा प्रकाश ठरावीक तालात लुकलुकतो. कीर्तनाच्या गर्दीतही टाळ ओळखू यावा, तसा मी तेवढाच ताल उचलतो आणि आतल्या चिपला कळवतो. निरोप अर्धवट असला तर ती टाकून देते.

दसऱ्याला काकींनी टीव्हीची पूजा केली आणि कुंकवाचं बोट मायेने नेमकं माझ्यावर टेकवलं. मान मिळाला, पण नजर अंधारली. रिमोट अगदी जवळ आणल्याशिवाय चालेना. मुलगा प्रज्योत सेल बदलून थकला.

त्या दुपारी काकी एकट्याच होत्या. कीर्तन हळू लागलं होतं. आवाज वाढवायला त्या उठून माझ्याकडे निघाल्या, पायपुसण्यात पाय अडकला आणि कोसळल्या. कूस वळवता येईना. मोबाइल खाटेवर. हाक दारापर्यंतही पोचेना. मुठीत रिमोट होता, पण त्याचं तोंड कपाटाच्या आरशाकडे.

कुणीतरी ऐकावं म्हणून त्या आवाज वाढवायचं बटण दाबत राहिल्या. आरशावरून परतलेला प्रकाश माझ्यापर्यंत येत होता, पण किती क्षीण! त्यात गॅलरीतलं ऊन थेट माझ्यावर. प्रकाशाचा असा गोंगाट असला की मी आपोआप बहिरा होतो आणि तो ओसरला की कान टवकारतो. माझी घडणच तशी. काकींचं बोट मंदावू लागलं. विठ्ठला, ऊन उतरू दे रे.

अखेर सूर्य समोरच्या टॉवरमागे सरकला. कुंकवाआडून ताल उमटला. आवाज वाढला, वाढतच गेला. मृदंगाने भिंती थरारल्या.

शेजारची नलिनी दार बडवू लागली. "काकी, अख्ख्या मजल्याला कीर्तन ऐकवायचंय का? माझा देवेश आत्ता झोपलाय ना."

काकींची हाक मृदंगात बुडाली. ही रागाने परत गेली तर? मग कुलपात किल्ली फिरली. तिच्याकडे आमची जादा किल्ली असते.

"अगो, पडलंय मी," काकी पुटपुटल्या. "आधी तां कीर्तन कमी कर, बाळ उठात."

आता काकी काठी घेऊन चालतात. यंदाच्या दसऱ्यालाही त्यांनी कुंकू लावलं, पण माझ्यावर नाही, टीव्हीच्या कोपऱ्याला. तरी घर शांत झालं की मला अजून धस्स होतं. मित्रांनो, तुमच्या टीव्हीवरच्या माझ्यासारख्या डोळ्याला पुसून स्वच्छ ठेवा. आणि तुमच्या शेजारच्या बंद दारामागे कुणी दुपारभर एकटं असेल, तर त्याची आठवण ठेवा.