प्रतिज्ञापत्रातलं तिसरं वाक्य

आमच्या घरात दारूचा थेंब येणार नाही, हा नियम माझ्या बायकोचा. आणि ब्रिटिश सरकारच्या दप्तरी वाईन म्हणून ज्या पेयाची नोंद झाली, तेही माझ्या बायकोच्याच नावाने. त्यात माझा काही दोष नाही, असं मला बरेच दिवस वाटत होतं.

मी एलिशा. लंडनच्या भुयारी रेल्वेत, ज्युबिली लाइनवर सिग्नलच्या कामात तेहेतीस वर्षं काढली आणि आता घरी बसून बायकोच्या कामात नाक खुपसतो. बायको शुलामीथ. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. ती ठाण्याची, मी भायखळ्याचा, आणि गेली चाळीस वर्षं दोघंही स्टॅनमोरचे. शुक्रवारी सूर्य मावळला की आमचा शब्बाथ, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याचा दिवस, सुरू होतो. तेव्हा घरातल्या कर्त्याने पेला हातात घेऊन वाईनवर आशीर्वाद म्हणायचा असतो. आता कोकणात वाईन कुठून आणणार? म्हणून आमच्या पूर्वजांनी काळ्या मनुका भिजत घातल्या, उकळल्या, फडक्यातून पिळल्या आणि त्या सरबतावर तोच आशीर्वाद म्हटला. आज आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात पन्नास तऱ्हेच्या वाईन मिळतात, तरी शुलामीथच्या टेबलावर मनुकांचंच सरबत येतं.

हे सरबत ती करते मात्र झकास. औषधांच्या दुकानात नोकरी केलेली बाई, त्यामुळे मोजमाप इकडचं तिकडे होत नाही. निवृत्त झाल्यावर तिने पार्क रॉयलला आठवड्यातून दोन दिवस भाड्याने किचन घेतलं, बाटल्या भरायला सुरुवात केली, आणि हॅरो-वेम्बलीची दुकानं ती ठेवायला लागली. बाटलीवर नाव काय घालायचं यावर घरात आठवडाभर खल झाला. मी एकाहून एक सरस नावं सुचवली. शेवटी तिने स्वतःचंच घातलं. शुलामीथ.

"आयुष्यभर कामावर मला सगळे शीला म्हणाले," ती म्हणाली. "आता ज्याला सरबत हवंय त्याने माझं नाव नीट वाचावं."

ट्रेडमार्क म्हणून नावाची नोंदणी आमच्या मुलीने केली. अबिगेल कौन्सिलमध्ये नोकरीला आहे आणि फॉर्म भरण्यात तिचा हात धरणारा कोणी नाही. एका रविवारी स्वयंपाकघरात बसून तिने ऑनलाइन अर्ज केला, चार महिन्यांनी सर्टिफिकेट आलं, आम्ही ते फ्रिजवर लावलं. त्यावर लिहिलेलं कोणी बारकाईने वाचलं नाही. नाव बरोबर आहे ना, एवढंच पाहिलं.

मग हरीश आला. दुबईत त्याची चार किराणा दुकानं. बहीण हॅरोला राहते, तिच्याकडे त्याने सरबत चाखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात हजर. माणूस गोड बोलणारा.

"काकू, रमजानात लोक सरबतावर रोजा सोडतात. हे सरबत तिथे ठेवलं तर मला दुसरं काही ठेवायला नको. फेब्रुवारीत रमजान आहे. फक्त एक करू या. तिथे तुमचं नाव मी माझ्या कंपनीच्या नावावर रजिस्टर करून टाकतो. म्हणजे तुम्हाला काही ताप नाही."

"माझं नाव तुमच्या नावावर?" शुलामीथने विचारलं.

"कागदापुरतं हो."

"मग उद्या तुमचं माझं पटलं नाही, तर तिथे माझं नाव लावून सरबत कोण विकणार?"

हरीशने चहाचा घोट घेतला. खोटं बोलायचा त्याचा स्वभाव नसावा. "मी," तो म्हणाला.

"आणि मी?"

"तुम्हाला दुसरं नाव शोधावं लागेल, काकू."

मला वाटलं आता ही त्याला बाहेरचा रस्ता दाखवते. पण तिने त्याला आणखी एक चिक्कीचा तुकडा दिला आणि सांगितलं की, नोंदणी होईल तर शुलामीथच्याच नावावर होईल. हरीशही पक्का. तो म्हणाला, "चालेल, पण तिथे आधी अर्ज करेल त्याचं पारडं जड असतं. कोणा भलत्याने केला तर माझा माल अडकेल. डिसेंबर संपायच्या आत मला तुमच्या अर्जाचा नंबर द्या. नाहीतर मी माझ्या नावाने टाकणार." जाताना त्याने एका बाईचा नंबर दिला. कस्तुरी, मूळची पुण्याची, दुबईत ट्रेडमार्कचीच कामं करणारी.

कस्तुरीने व्हिडिओ कॉलवर आमची कागदपत्रं उघडली आणि पहिलं पान पुन्हा वाचलं.

"मॅडम, तुम्ही म्हणालात सरबत आहे."

"सरबतच आहे."

"पण तुमच्या लंडनच्या रजिस्ट्रेशनमध्ये क्लास तेहेतीस आहे. वाईन आणि मद्य. सरबताचा क्लास बत्तीस."

आम्ही तिघांनी मिळून फ्रिजकडे पाहिलं. सर्टिफिकेटवर, नावाच्या खाली, बारीक अक्षरात खरोखरच वाईन लिहिलं होतं. दीड वर्ष ते आमच्या दुधाच्या बाटल्यांवर पहारा देत होतं.

अबिगेलचा चेहरा पांढरा पडला. "पण मम्मी, तो वाईनच आहे ना? डॅडी दर फ्रायडेला त्याच्यावर वाईनची ब्लेसिंग म्हणतो. मी लहान होती तेव्हापासून! लिस्टमध्ये वाईन दिसली, मी टिक केला. मला वाटलं, घरचा वाईन आहे, नो अल्कोहोल."

मला हसू आवरेना. शुलामीथलाही आवरेना. कस्तुरी मात्र हसली नाही. तिने समजावून सांगितलं: दुबईत मद्याच्या वर्गात नोंदणी घेत नाहीत. आपण अर्ज सरबताच्या वर्गात करू, लंडनलाही त्या वर्गात नवा अर्ज टाकू. पण शुलामीथ हे नाव इंटरनेटवर शोधलं की ब्रिटिश सरकारचं पान उघडतं आणि त्यावर वाईन दिसते. तिकडचा अधिकारी विचारणारच. तेव्हा सोबत एक प्रतिज्ञापत्र लावायचं, नोटरीसमोर सही करायची, मग त्यावर इथल्या परराष्ट्र खात्याचा आणि अमिरातीच्या वकिलातीचा शिक्का घ्यायचा. मसुदा तिने त्याच दिवशी पाठवला. तोवर डिसेंबर उजाडला होता.

हॅरोला नोटरीकडे आम्ही तिघं बुधवारी गेलो. नोटरी एक शांत इंग्रज बाई होती. तिने पासपोर्ट पाहिला, कागद शुलामीथच्या पुढे सरकवला, पेन दिलं. वकिलातीतली वेळ शुक्रवारी सकाळची होती. शुलामीथने चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला लागली. पहिलं वाक्य, हे पेय मी बनवते. दुसरं, यात मद्यार्क नाही. तिसरं, हे पेय वाईन नाही आणि वाईन म्हणून ते कधीही, कोठेही वापरलेलं नाही.

तिने पेन खाली ठेवलं.

"हे खोटं आहे," ती मराठीत म्हणाली.

"अगं, फॉर्मॅलिटी आहे ती," मी म्हणालो. मी तर डोळे झाकून सही केली असती. "कोण विचारायला येतंय?"

"मम्मी, प्लीज. फ्रायडेची अपॉइंटमेंट गेला तर पुढची जानेवारीत आहे. हरीश त्याच्या नावाने टाकेल."

शुलामीथने माझ्याकडे वळून पाहिलं. रागावली नव्हती. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

"लग्न झाल्यापासून दर शुक्रवारी तुम्ही पेला हातात घेता आणि देवाचं नाव घेऊन म्हणता, वेलीचं फळ निर्माण करणाऱ्या. मी तिथे उभी असते. मग ते तुम्ही कशावर म्हणत होता? मी इथे सही केली, तर इतकी वर्षं तुम्ही खोटं बोललात असा त्याचा अर्थ. सांगा, बोललात का?"

खरं सांगायचं तर मी कशावर काय म्हणतो याचा मी कधी विचारच केला नव्हता. वडील म्हणायचे म्हणून मी म्हणायचो, आमटी गार व्हायच्या आत उरकायचो. भर दुपारी, परक्या बाईच्या ऑफिसात, मला माझीच लाज वाटली.

नोटरीला भाषा कळली नाही, पण काय झालं ते कळलं असावं. तिने कागद हळूच परत घेतला आणि म्हणाली की, तुम्हाला जे खरं वाटतं त्याखालीच सही करा, मी फक्त साक्षीला आहे.

आम्ही सही न करता घरी आलो. घरात शिरल्या शिरल्या कोटही न काढता शुलामीथने हरीशला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"काकू, एका वाक्यासाठी अडलात?" तो म्हणाला. "कुणाला कळणार आहे?"

"आम्हाला कळेल. हरीश, ऐका. तुम्हाला वेळ नसेल तर तुम्ही तुमच्या नावाने अर्ज टाका. सरबत मी पाठवीन, शब्द दिलाय. पण बाटलीवर माझं नाव नको. दुसरं कुठलंही घाला."

ती हे सरळ आवाजात म्हणाली, पण टेबलाची कड तिने घट्ट धरली होती. ते नाव बाटलीवर पहिल्यांदा छापून आलं होतं, तेव्हा तिने दिवसभर एक बाटली पर्समध्ये घालून फिरवली होती. मी पाहिलं होतं. तीच बाई आता ते नाव सोडायला तयार झाली होती, आणि तेही मी शुक्रवारी न ऐकता पुटपुटतो त्या शब्दांसाठी.

हरीश म्हणाला, "मग खरं काय आहे ते तर सांगा. मला अजून नीट कळलेलं नाही."

तिने सांगितलं. कोकण, मनुका, शुक्रवार, पेला, सगळं. अबिगेल समोर बसून लॅपटॉपवर टिपून घेत होती. सांगून झाल्यावर अबिगेलने ते इंग्रजीत वाचून दाखवलं: आमच्या कुटुंबात धार्मिक विधीच्या वेळी वाईनच्या जागी हे सरबत घेतात, कारण आम्ही घरात मद्य आणत नाही, म्हणूनच माझ्या मुलीने लंडनचा अर्ज भरताना चुकून वाईनचा वर्ग निवडला.

"हे पाठवा कस्तुरीला," हरीश म्हणाला. "आणि काकू, जानेवारीचे पंधरा दिवस मी थांबतो. नाव बदललं तर मग माझी बहीण मला घरात घेणार नाही."

कस्तुरीचा फोन अर्ध्या तासात आला. "मॅडम, हे तर माझ्या वाक्यापेक्षा भक्कम आहे. यात लंडनची चूक कशी झाली तेही येतं. मला तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं कुठे?" शुलामीथ म्हणाली. आणि मग तिने कोट काढला.

गुरुवारी सकाळी तिने त्याच नोटरीसमोर नव्या कागदावर सही केली, पूर्ण नाव, एकही अक्षर न गाळता. अबिगेलने नोटरीच्या ऑफिसातूनच परराष्ट्र खात्याचा शिक्का त्याच दिवशी मिळवायची व्यवस्था केली. फॉर्म भरणारी मुलगी असल्याचा असा फायदा. शुक्रवारी नाइट्सब्रिजला वकिलातीचा शिक्काही झाला. पुढचं थोडक्यात सांगतो. अर्जाचा नंबर ख्रिसमसच्या आधी आला, बाटल्या रमजानाच्या चार दिवस आधी दुबईत पोचल्या, अधिकाऱ्याने एकच प्रश्न विचारला आणि प्रतिज्ञापत्र वाचून तो मिटवला. उन्हाळ्यात सर्टिफिकेट आलं. मालकाच्या जागी अरबीत आणि इंग्रजीत माझ्या बायकोचं नाव आहे. त्याची फ्रेम आता हॉलमध्ये लागली आहे, आणि आल्यागेल्याला ती दाखवायचं काम माझं.

पण मला सांगायचंय ते वकिलातीच्या त्या शुक्रवारचं. डिसेंबरात स्टॅनमोरला चारच्या आत दिवस मावळतो. आम्ही ट्यूबने धावतपळत घरी पोचलो. शुलामीथने दिवे लावले, माझ्या पुढ्यात पेला भरून ठेवला. अबिगेल शेजारी उभी राहिली. अर्जाचं काय होणार हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं.

मी पेला उचलला. हे शब्द मी दोन हजार वेळा तरी म्हटले असतील, पण त्यांच्यासाठी कोणी आपलं नाव पणाला लावलंय, हे मला पहिल्यांदाच ठाऊक होतं. मी घाई केली नाही. एकेक शब्द म्हटला, वेलीचं फळ निर्माण करणाऱ्या म्हणताना पेल्याकडे पाहिलं, आणि शेवटपर्यंत गेलो.

शुलामीथ 'आमेन' म्हणाली. मग पेला माझ्या हातातून घेत, हळूच, फक्त मला ऐकू येईल इतक्या आवाजात म्हणाली, "चाळीस वर्षांत आज ऐकू आलं मला."