बापाने पाडलेली दांडी

वर्षातल्या त्या एका शनिवारी आमच्या गावात मरायलाही कुणाला फुरसत नसते. सोकोल व्यायाम मंडळाच्या जुन्या हॉलमध्ये पुरुषांची उंच उडी असते, युरोपभरातून ताडमाड पोरं येतात आणि प्रत्येक जण आपापल्या गाण्यावर उडतो. गाणं लागलं की टाळ्यांचा ठेका, ठेका जमला की धाव. पण पाय कुणी आपटायचे नाहीत. हॉलचा मजला लाकडी, आमच्या आजोबांच्या वेळचा. एका कोपऱ्यात कुणी धपकन बसलं की दुसऱ्या कोपऱ्यातले उडीच्या दांडीचे खांब डुलतात. म्हणून आमच्याकडची रीतच अशी, की दांडी थरथरायला लागली की सगळा हॉल जिथल्या तिथे गोठतो. अर्धवट उठलेला माणूस तसाच वाकून राहतो. कुणाचं सॉसेज तोंडाशी आलेलं असेल तर ते तिथेच थांबतं. बाहेरून आलेली माणसं हसतात आम्हाला. हसोत बापडी.

ही रीत गावातल्या शेंबड्या पोराला कळते. कळली नाही ती फक्त माझ्या नवऱ्याला.

क्वेतोश गावच्या बँडात ट्यूबा नावाचा अगडबंब पितळी कर्णा वाजवतो आणि स्वतःही ट्यूबाएवढाच आहे. दोन वर्षांपूर्वी आमचा लेक राडिम याच हॉलमध्ये दांडीवरून असा सुरेख गेला, की खाण्याच्या टेबलाशी उभी मी सॉसेज उलटायचं विसरले. टाच जराशी लागली, दांडी थरथरली, थांबतच आली होती. आणि हे आमचं पाच मणांचं वजन आनंदाने उठून उडालं! धाड! दांडी खाली. पंच होलुबसाहेबांनी लाल निशाण वर केलं. मी हातात चिमटा घेऊन त्यांच्या अंगावर धावून गेले, तर म्हणाले, "हेडविकाबाई, दांडी पडली ती पडली. कुणामुळे पडलीस, असं मी तिला विचारू शकत नाही."

त्या उडीने राडिम युरोपच्या इनडोअर स्पर्धेला गेला असता. ती भरते दर दोन वर्षांनी. राडिमने त्याच संध्याकाळी बापाच्या गळ्यात हात टाकला आणि हसून विषय संपवला. पण पबमधली माणसं कुठली सोडतायत! "राडिमने मारली, बापाने पाडली," हे त्यांचं पालुपद झालं. क्वेतोशने मनाला लावून घेतलं. पोरगा उडत असताना हॉलमध्ये पाऊल टाकणार नाही, म्हणाला. आणि मीही काही गप्प बसणाऱ्यातली नाही. दोन वर्षं जेवताना, झोपताना, बटाटे सोलताना मी त्याला ऐकवत आले, की बाबा रे, माणसाने आपला देह आवरायला शिकावं.

यंदा पुन्हा तोच शनिवार, आणि राडिमची शेवटची संधी. गुडघा कामातून गेलाय. हा हंगाम झाला की ऑपरेशन आणि मग उड्या बंद, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलेलं. युरोपला जायचं तर दोन मीटर सत्तावीस हवेत, आणि ते आजच हवेत, कारण नावं आज रात्री बंद होणार होती.

आमचा हॉल आखूड आणि राडिमची धाव लांब. त्यामुळे तो बाहेरच्या कॉरिडॉरमधून, माझ्या खाण्याच्या टेबलापासून सुरुवात करतो. मधलं दार जड, स्प्रिंगचं. सोडलं की आपोआप मिटतं. ते धरून उभं राहायचं काम क्वेतोशने स्वतःकडे घेतलेलं. लेक शेजारून वाऱ्यासारखा आत जातो आणि बाप पाठ फिरवून भिंतीवरच्या आग विझवायच्या नळकांड्याकडे बघत राहतो. मग मला विचारतो, "काय झालं?" आता काय बोलावं या माणसाला!

सत्तावीसवर दांडी गेली तेव्हा दोघंच उरले होते. एक आमचा, दुसरा एर्मान्नो नावाचा इटालियन, काटकुळा आणि खादाड. तो पहिल्याच फटक्यात वरून गेला, स्पर्धा जिंकल्यात जमा करून टाकली आणि थेट माझ्या टेबलाशी येऊन खसखशीच्या गोड पावांवर, आमच्या कोलाच्यांवर, तुटून पडला.

राडिमचा पहिला प्रयत्न. त्याचं गाणं म्हणजे बापाच्याच बँडची पोल्का. बाकीची पोरं कानठळ्या बसवणारी गाणी लावतात आणि आमचं हे पोर लग्नातल्या वरातीसारखं पोंपों करत धावतं. दांडी पडली.

"काय झालं?" क्वेतोशने नळकांड्याला विचारलं.

"पडली."

दुसरा प्रयत्न. नुसती पोटरी लागली. हॉलभर "अरेरे!" झालं.

"काय झालं?"

"पडली रे! वळून बघायला काय धाड भरलीय तुला?"

राडिम लंगडत बाहेर आला. माझ्या टेबलावरचं पाणी घेऊन घटाघटा प्याला आणि खुणेच्या पट्टीपाशी उभा राहिला. तीनातला आता शेवटचा. आत उडीच्या वेळेचं घड्याळ सुरू झालं, पोल्का लागली, टाळ्या सुरू झाल्या. पण हा हलेना.

"बाबा, आत जा."

"तू पळ. माझं काय घेऊन बसलास?"

"तू आत जाऊन उभा राहा. मग पळतो."

"मी आत गेलो की काय होतं ते अख्ख्या गावाला माहितेय!"

"गाव गेलं खड्ड्यात. ही माझी शेवटची उडी असेल, बाबा. लहानपणापासून त्या दिवसापर्यंतची एकूण एक उडी तू पाहिलीस. ही तेवढी नळकांड्याला दाखवू का?"

क्वेतोशचा चेहरा रडवेला झाला. मी ओरडले, "अरे, घड्याळ पळतंय तिकडे! आत हो, क्वेतोश!"

"आणि दार? दार कोण धरणार?"

एर्मान्नोला आमची भाषा ओ की ठो कळत नव्हती. पण दाराकडे बोट, रडवेला बाप, उभा लेक, एवढ्यावरून तो समजायचं ते समजला. उरलेला कोलाचा अख्खा तोंडात कोंबून त्याने दाराला पाठ लावली. मी क्वेतोशला ढकलत आत नेलं, गादीच्या बाजूला भिंतीशी उभं केलं आणि स्वतः त्याच्यापुढे उभी राहिले. हात मागे नेऊन त्याचा कमरेचा पट्टा दोन्ही मुठींत घट्ट धरला.

"हललास तर बघ," मी म्हटलं. "श्वाससुद्धा मला विचारून घ्यायचा."

"घेतच नाहीये मी," तो म्हणाला.

त्याला पाहून हॉलमध्ये कुजबुज झाली. कुणीतरी मागून ओरडलं, "सांभाळा रे, क्वेतोश आत आलाय! खांब बांधून ठेवा!" होलुबसाहेबांनी चष्म्यावरून आमच्याकडे एक नजर टाकली आणि ते पुन्हा दांडीकडे वळले. माणूस कडक, पण बाहेर जा म्हणाले नाहीत, हे मी त्यांच्या नावावर जमा धरते.

आणि राडिम आला. दारातून, सॉसेजच्या धुरातून आला. पहिली काही पावलं लांब लांब, मग वळणावर झुकत झुकत, एवढंसं पोर असताना सायकलवर झुकायचा तसा. पाय रोवला, पाठ फिरवली, वर गेला. खरं सांगते, तो वर थांबला. विज्ञान काय म्हणायचं ते म्हणो, माझा पोरगा तिथे वर थांबला! पाठ गेली, कंबर गेली, पाय झटकले आणि शेवटी टाचेने दांडीला गुदगुली केली.

दांडी थरथरली. हॉल गोठला. टाळ्या हवेतच राहिल्या, पोल्का तेवढी एकटी पोंपों करत होती.

आणि मी उडाले.

मला काही कळलंच नाही हो. मागे पट्टा धरून नवऱ्याला आवरणारी मी, पट्टा कधी सुटला, गुडघे कधी वाकले, जमीन कधी सुटली! हवेत गेल्यावर डोक्यात लख्ख प्रकाश पडला, की हेडविका, आता तू खाली येणार. दोन वर्षं ज्याच्यावरून नवऱ्याचं डोकं खाल्लंस, तेच आता तू करणार, आणि तुझ्या लेकाचं युरोप तुझ्याच पायाखाली जाणार.

पण मी खाली आलेच नाही. दोन पंजे माझ्या कमरेला बसले आणि मी वरच राहिले. क्वेतोशने मला हवेतच झेललं होतं. दर रविवारी ट्यूबा उचलणारा माणूस तो. त्याने मला छातीशी उचलून धरलं. ना तो हलला, ना त्याचा पाय सरकला, ना श्वास वाजला. माझी एक सपात अंगठ्याला लोंबकळत होती. मी बोटं आवळली. उभ्या जन्मात इतकं मन लावून मी काही धरलं नसेल.

दांडी डावीकडे जरा सरकली, उजवीकडे आली. राडिम गादीवर उताणा पडून खालून तिच्याकडे बघत होता. हळूहळू थरथर कमी झाली. दांडी थांबली.

होलुबसाहेब वाकले, इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं, अगदी जिवाचा अंत पाहिला आमच्या. आणि पांढरं निशाण वर केलं.

मग कुठे माझी सपात पडली. आणि तिच्यामागोमाग हॉलमध्ये जो काही गोंधळ उडाला! क्वेतोशने दोन वर्षांचा साठवलेला श्वास सोडला आणि माझ्यासकट उडी मारली. धाड! दांडी खाली, एक खांब कलंडला, भिंतीवरचं सोकोलचं पदक खाली आलं. क्वेतोश पांढराफटक.

"होलुबसाहेब! होलुबसाहेब, ते..."

"निशाण आधी वर गेलंय," होलुबसाहेब म्हणाले. "आता हवं तर हॉल पाडा."

राडिम गादीवरून उठून धावत आला. एर्मान्नोही आला, दार सोडून, दोन्ही हातांत माझेच कोलाचे. राडिमने बापाला मिठी मारली. मी अजून मधेच होते, चेंगरून गेले, पण कुणाला पर्वा होती!

"पाहिलीस ना, बाबा?"

"उडी पाहिली," क्वेतोश रडत रडत म्हणाला. "पण निशाण नाही दिसलं. तुझी आई मध्ये होती."

आता पबमध्ये नवं पालुपद सुरू झालंय, ते मी सांगणार नाही. बटाटे सोलताना क्वेतोश माझ्याकडे बघून नुसता हसतो आणि मी गप्प बसते. पुढच्या महिन्यात आम्ही दोघंही युरोपच्या स्पर्धेला जातोय. तिथल्या हॉलची जमीन सिमेंटची आहे, हे सांगायला होलुबसाहेब मुद्दाम आमच्या घरी येऊन गेले.